रविवार सोडून चाळीस दिवस

"मी अबोला सोडते," माझ्या सासूबाई भर देवळात म्हणाल्या. पेटीवर बसलेल्या दावीदरावांनी भात्यावरचा हात काढून घेतला. पुढच्या बाकावरची दोन-तीन डोकी हळूच मागं वळली.

आमच्या चांदगव्हाणात चर्चला देऊळच म्हणतात. तर त्या देवळात राखेच्या बुधवारची, म्हणजे लेंट नावाच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवसाची, संध्याकाळची उपासना चालू होती. साल चौऱ्याहत्तर. माझं लग्न होऊन दहा महिने झाले होते आणि मला पाचवा महिना होता, म्हणून मी दाराजवळ, वाऱ्याला बसले होते.

आमची मंडळी जुन्या अमेरिकन मिशनची. नाताळ, उत्तम शुक्रवार आणि ईस्टर एवढं आम्हाला माहीत; त्याच्या आधी चाळीस दिवस लेंट पाळायचं, पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच मेजावर, जांभळं कापड टाकायचं, हे कुणी कधी केलं नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एक झाल्या आणि सहा महिन्यांपूर्वी रेव्हरंड रणपिसे नावाचे सत्तावीस वर्षांचे पाळक आमच्याकडं आले. उंच, बारीक, सायकलवर येताना झगा कमरेला खोचून घेणारे. त्यांनी जांभळं कापड आणलं. "प्रभू अरण्यात चाळीस दिवस उपाशी होता. आपण निदान एक आवडती गोष्ट सोडू या," असं सांगून त्यांनी एकेकाला उभं राहायला सांगितलं.

"आमच्या वेळी हे नव्हतं. आम्ही बाराही महिने पश्चात्ताप करायचो," असं म्हणत का होईना, दावीदरावांनी तपकीर सोडली. चार जणांनी चहा सोडला. शाळेतल्या कमलबाईंनी सिनेमा सोडला, तेव्हा सगळे हसले, कारण गावात थिएटरच नव्हतं. आणि मग सासूबाई उठल्या.

रिबकाबाई भांबळ. मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणायचं. माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा मनोहर, तोही 'बाई'च म्हणायचा, आणि म्हणून मीही.

पाळकसाहेब नवे. त्यांनी भाबडेपणानं विचारलं, "कुणाशी अबोला आहे, बाई?"

सगळ्यांच्या नजरा उजवीकडच्या तिसऱ्या बाकाकडं गेल्या. तिथं सगुणाबाई बसल्या होत्या. बाईंची थोरली जाऊ. मी त्यांना मोठ्याबाई म्हणायची. पंचवीस वर्षं बायबलबाई म्हणून खेडोपाडी पायी फिरून त्यांनी येशूच्या गोष्टी सांगितल्या होत्या, गाणी गायली होती. उन्हानं रापलेला चेहरा, आणि आवाज असा की देवळाबाहेरचे रस्त्यानं जाणारेही थांबायचे. आम्ही मिशन कंपाउंडातल्या एकाच घरात राहायचो. दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या, आणि पुढच्या ओसरीत मधोमध बांबूच्या तट्ट्याची भिंत. दोघीही विधवा, आणि एकमेकींशी एकोणीस वर्षं एक शब्द बोललेल्या नव्हत्या. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून दोघींचे निरोप मीच वाहत होते. 'सांग तिला, विहिरीचा दोर बदलायला झालाय.' 'सांग त्यांना, मला दिसतंय.' मधल्या तट्ट्यातून दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू यायचं, तरी मला फिरून जावं लागायचं.

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "बाई, याहून मोठा उपास कोणता? म्हणजे आता कायमचं—"

"चाळीस दिवस," बाई म्हणाल्या. "रविवार सोडून. रविवार लेंटमध्ये मोजत नाहीत, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"हो, पण ईस्टरनंतर?"

"ईस्टरनंतर दावीदराव तपकीर ओढणार आहेत की नाही? तसंच."

आणि त्या खाली बसल्या. पुढची प्रार्थना पाळकसाहेबांनी दोनदा चुकवली.

उपासना संपल्यावर सगळी मंडळी दाराशी उगाच रेंगाळली. मोठ्याबाई बाहेर आल्या, पायानं चपला चाचपू लागल्या. त्यांची नजर अलीकडं अधू झाली होती. बाई त्यांच्यापासून दोन हातांवर जाऊन उभ्या राहिल्या, वर्गात हजेरी घ्यावी तशा ताठ, आणि म्हणाल्या, "तुमची डावी चप्पल उलटी पडलीय."

एकोणीस वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. मोठ्याबाईंनी चप्पल सुलटी केली, पाय घातला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एस्तेर, सांग तिला. सोडलंय ते तिनं. मी काही सोडलेलं नाही."

त्या दिवशी घरी येताना मनोहर एवढंच म्हणाला, "चाळीस दिवसांचा तमाशा आहे. मग पुन्हा आहेच."

त्याचं तसं म्हणणं मला समजत होतं. तो एसटी डेपोत क्लार्क होता आणि त्यानं पुण्याला बदली मागितली होती. आदल्याच दिवशी, बाई विहिरीवर गेल्या असताना, त्यानं मला ते सांगितलं होतं. "ईस्टर झाला की आपण जायचं. ज्या घरात दोन बायका एकमेकींकडं पाठ करून जेवतात, तिथं माझं मूल वाढणार नाही. मी वाढलो तेवढं पुरे." मी मान डोलावली होती. मला कुठं काय आवडतं-नावडतं होतं? मी नगरच्या मिशन बोर्डिंगात वाढलेली पोर. आईबाप आठवत नाहीत. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, आणि कुणी चल म्हटलं की जायचं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा उपास सुरू झाला. रोज सकाळी आठ वाजता, भाकऱ्या झाल्या की त्या ओसरीत यायच्या, तट्ट्याकडं तोंड करून उभ्या राहायच्या आणि एक वाक्य बोलायच्या. औषधाचा डोस घ्यावा तसं. "आज ऊन फार आहे." "कंपाउंडात काल साप निघाला होता." "दावीदरावांना तपकिरीवाचून शिंका येईनाशा झाल्यात." पलीकडून उत्तर नाही. बाई क्षणभर थांबायच्या आणि आत निघून जायच्या. कर्तव्य झालं.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "पाळकसाहेबांनी काल प्रार्थनेत चाळीस मिनिटं घेतली."

तट्ट्यापलीकडून आवाज आला, "बेचाळीस."

मी चुलीपुढं होते. माझ्या हातातली भाकरी तव्यावर दुमडली. बाई ओसरीत तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "माझं घड्याळ दोन मिनिटं मागं असेल."

"घड्याळ बरोबर आहे. तुला डुलकी लागली होती."

"मला देवळात डुलकी लागत नाही."

"मान पडली होती. मी बघितली."

"तुम्हाला तर दिसत नाही म्हणे."

"तेवढं दिसतं."

बाई आत आल्या. चेहरा नेहमीसारखाच कडक, पण त्यांनी पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मी हसू दाबायला चुलीत फुंकर मारत बसले. एवढी फुंकली की डोळ्यांत राख गेली.

मग रोजची एका वाक्याची दोन झाली, दोनाची दहा. मंडळीत कुणाच्या घरी काय, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं, शेंगदाणे कुणाचे खवट. लेंटमध्ये दर शुक्रवारी एकेका घरी प्रार्थना असायची. तिथून येताना दोघी पुढं चालायच्या आणि मी मागून. मध्ये चार हात अंतर ठेवून, पण बोलत. पाळकसाहेब एकदा सायकलवरून उतरून मुद्दाम आमच्या मागं चालत आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "एस्तेरबाई, मला सेमिनरीत हे शिकवलं नव्हतं."

पण रविवार आला की सगळं थांबायचं.

पहिल्या दोन रविवारी काही वाटलं नाही, कारण तेव्हा मोठ्याबाई बोलतच नव्हत्या. तिसऱ्या रविवारी मात्र त्या सवयीनं ओसरीत आल्या आणि म्हणाल्या, "रिबका, आज भाजी काय?" पलीकडून उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. बाई पाटावर बसून पवित्र शास्त्र वाचत होत्या. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "सांग त्यांना. आज रविवार आहे."

मोठ्याबाईंचा चेहरा पडला. मग संतापला. "बरं. मला वाटलं माणूस बोलतंय. पंचांग बोलत होतं होय."

सोमवारी त्या बोलल्या नाहीत. मंगळवारीही नाही. बाई आपल्या आठ वाजता येऊन उभ्या राहायच्या, वाक्य बोलायच्या, आणि जायच्या. बुधवारी पाळकसाहेब आले, खुर्चीवर बसले, चहा नको म्हणाले, कारण चहा त्यांनीही सोडला होता.

"बाई, रविवार मोजायचा नाही याचा अर्थ त्या दिवशी आनंद करायचा."

"दावीदराव रविवारी तपकीर ओढतात. त्यांना तुम्ही काही म्हणालात?"

"तपकीर आणि बोलणं यात फरक आहे."

"नियमात फरक नाही. मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. एकदा नियम वाकवला की तो नियम राहत नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, नियम होता म्हणून मला तोंड उघडता आलं. नियम काढून घेतला तर मी काय धरून बोलू?"

पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि सायकल काढली. बाईंचं ते बोलणं मला तेव्हा नीट कळलं नाही. पण तट्ट्यापलीकडं बांगड्या वाजल्या, म्हणजे मोठ्याबाई ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बाई म्हणाल्या, "हरभरा महागला." आणि पलीकडून उत्तर आलं, "मग तूर खा."

चौथ्या रविवारी जे झालं ते सगळ्या मंडळीसमोर झालं.

आमच्याकडं गीत मोठ्याबाई उचलायच्या. त्या पहिली ओळ म्हणायच्या आणि मंडळी मागून. पुस्तक त्यांना कधी लागलं नव्हतं. आता तर वाचताही येत नव्हतं. त्या दिवशी वधस्तंभाचं एक जुनं, सहा कडव्यांचं गीत होतं, अभंगाच्या चालीवरचं. दोन कडवी झाली. तिसऱ्याला त्या थांबल्या. दावीदरावांनी पेटीवर ओळ फिरवून दिली. त्या पुन्हा थांबल्या. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. पंचवीस वर्षं गावोगाव जे गायलं ते त्यांच्या तोंडातून निसटलं होतं. पेटी तीच ओळ तिसऱ्यांदा वाजवू लागली. मोठ्याबाईंनी बाकाची कड घट्ट पकडली, आणि ज्या बाईला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ती घाबरली.

तेवढ्यात डावीकडून तिसरं कडवं उठलं.

बाई गात होत्या. मी त्यांना कधी गाताना ऐकलंच नव्हतं. त्या देवळात नुसते ओठ हलवायच्या. आवाज जाडसर, जरा घोगरा, पण सूर पक्का. पहिली ओळ त्यांनी एकट्यानं म्हटली. दुसरीला मोठ्याबाईंचा आवाज खालून येऊन मिळाला. म्हातारी माणसं गायची थांबली आणि ऐकत राहिली. दावीदरावांच्या बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "या दोघी पूर्वी अशाच गायच्या. नगरहून माणसं यायची ऐकायला."

बाहेर आल्यावर पाळकसाहेबांना राहवलं नाही. "बाई, आज रविवारी बोललात."

"बोलले नाही," बाई म्हणाल्या. "गायले."

मोठ्याबाई चपला घालत होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत मी एक चमक पाहिली, पण तिचा अर्थ मला पुढच्या रविवारी कळला.

त्या रविवारी दुपारी मी ओसरीत पडले होते. तट्ट्यापलीकडून, अगदी भक्तिभावानं, अभंगाच्या चालीवर आवाज आला:

"एस्तेरला आमच्या, आंबट खावंसं वाटे, चिंच आहे का गे, डब्यामाजी..."

मी ताडकन उठून बसले. आतल्या खोलीत बाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला.  मग आतून, त्याच चालीवर, तितक्याच गंभीरपणे:

"चिंच संपली सारी, आमसूल आहे थोडे, पोरीला पाठवा, वाटी घेऊन..."

मी हसत सुटले. इतकी हसले की पोटातलं बाळ लाथा मारू लागलं. मनोहर अंघोळ करत होता. तो टॉवेल गुंडाळून धावत आला आणि 'काय झालं, काय झालं' म्हणू लागला. मी नुसतं तट्ट्याकडं बोट दाखवलं. पलीकडून दुसरं कडवं चालू झालं होतं. त्यात आमसूल कुठल्या साली वाळवलेलं आहे याची चौकशी होती.

मनोहर ओल्या केसांनी तसाच उभा राहिला. मला वाटलं तोही हसेल. पण त्याचा चेहरा वेगळाच झाला. तो खाली बसला आणि भिंतीला डोकं टेकवून ऐकत राहिला.

त्याच दिवशी आमसुलाची वाटी घेऊन मी पलीकडं गेले तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "मोठ्याबाई, झालं काय होतं?"

त्यांनी आमसूल जिभेवर ठेवलं. "तुला मनोहरनं नाही सांगितलं?"

"तो विषय काढला की उठून जातो."

"त्याचा बाप वारला तेव्हा तो एक वर्षाचा होता. रिबकाची बदली झाली ती पार पाथर्डीच्या पलीकडच्या खेड्यात. राहायला धड खोली नाही, पाणी नाही. ती म्हणाली, याला तुम्ही ठेवा. मला मूलबाळ नव्हतं. मी ठेवला. सहा वर्षं. मला आई म्हणायचा. ती सुट्टीला यायची तेव्हा गावातल्या पोरांचं ऐकून तिला बाई म्हणायचा." त्यांनी दुसरं आमसूल उचललं. "मग तिची परत इकडं बदली झाली. तो तिच्याकडं जाईना. पुढचं तिला विचार. चूक माझी होती. पण ती कुठली, ते तिनं सांगावं."

मी बाईंना विचारलं नाही. माझी छाती नव्हती.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार गेला आणि उत्तम शुक्रवार आला. त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभूनं सात उद्गार काढले. मंडळीतले सात जण एकेका उद्गारावर बोलतात. पाळकसाहेबांनी बाईंना पाचवा दिला होता. बाईंनी बदलून तिसरा मागून घेतला. तिसरा म्हणजे तो, ज्यात प्रभू आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवतो, आणि त्याला तिच्या.

बाई पांढऱ्या लुगड्यात पुढं गेल्या. शाळेच्या वहीचा एक कागद त्यांनी पुलपिटावर ठेवला. चष्मा लावला.

"एकोणीस वर्षांपूर्वी याच दिवशी, याच उद्गारावर सगुणाबाई इथं बोलल्या," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "त्या म्हणाल्या की प्रभूनं जसा मरियेला मुलगा दिला, तसा मला मनोहर दिला. मी समोर बसले होते. मी उठले, मुलाचा दंड धरला आणि मधूनच निघून गेले. त्याच संध्याकाळी मी ओसरीत तट्ट्याची भिंत घातली."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि पुढं वाचलं.

"सगुणाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. मुलाला गोवर झाला तेव्हा त्या आठ दिवस झोपल्या नाहीत. त्याला अक्षर त्यांनी ओळखू दिलं नाही, कारण त्यांना वाटायचं पहिलं अक्षर आईनं शिकवावं. हे मला त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्यांकडून कळलं, आणि कळूनही मी बोलले नाही." बाईंनी कागदाची घडी घातली. पुढचं त्या न वाचता बोलल्या. "मी शिक्षिका आहे. मी हा उद्गार पुष्कळ वेळा वाचला. प्रभूनं एकीचं घेऊन दुसऱ्याला दिलं, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. त्यानं दोघांनाही दिलं. मला तो धडा उशिरा कळला. एवढंच."

त्या येऊन बसल्या. माझ्या शेजारी, कारण त्यांची जागा तिथंच होती. त्यांनी कागदाची घडी पदराच्या टोकात बांधली. पाळकसाहेब उभे राहिले. त्यांनी गीताचा आकडा सांगितला. मोठ्याबाईंनी ते उचललं, आणि दावीदराव पेटीवर चाचपडले, कारण मोठ्याबाईंनी नेहमीच्यापेक्षा खालची पट्टी धरली होती. बाईंचा आवाज जिथं पोचतो तिथली.

पुरुषांच्या बाकावर मनोहर खाली मान घालून बसला होता.

घरी जाताना दोघी त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. शनिवारी बाई ओसरीत आल्या, म्हणाल्या, "उद्या पहाटे फेरीला लवकर निघायचंय." मोठ्याबाई म्हणाल्या, "मला उठव." झालं. चाळिसावा दिवस असा संपला. दिवेलागणीला मी धीर करून विचारलं, "बाई, परवापासून काय?"

"उद्या रविवार आहे," बाई म्हणाल्या.

"मी सोमवारचं विचारतेय."

त्या दिव्याची काच पुसत राहिल्या.

ईस्टरची पहाट. सगळी मंडळी कंदील घेऊन, गात, कंपाउंडातून गावाच्या वेशीपर्यंत गेली आणि उजाडताना देवळात परतली. जांभळं कापड गेलं होतं, पांढरं आलं होतं, आणि पुलपिटाभोवती कण्हेरीची न् झेंडूची एवढी फुलं की पाळकसाहेब त्यांच्या मागून बोलत होते. 'प्रभू उठला आहे' असं एकमेकांना म्हणत लोक हात हातात घेत होते. बाई सगळ्यांना म्हणाल्या. मोठ्याबाईंच्या समोर आल्यावर मात्र त्यांनी हात नुसता हातात घेतला, धरून ठेवला, आणि सोडला. रविवार होता. 

दुपारी जेवणं झाली. मोठ्याबाईंनी तिकडून गुळाच्या करंज्या पाठवल्या, इकडून पुलाव गेला. मी ओसरीच्या उंबऱ्यात पाय पसरून बसले होते. मोठ्याबाई मला म्हणाल्या, "एस्तेर, तुझं बाळंतपण माझ्या मागच्या खोलीत करायचं. तिथं वारा येतो."

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. पाठोपाठ बाई ओसरीत.

"वारा येतो म्हणून बाळंतिणीला तिथं निजवायची? गार वारा लागून पोर आजारी पडेल."

गाण्याची चाल नव्हती. अभंग नव्हता. सरळ बोलणं, आणि तेही चढ्या आवाजात.

मोठ्याबाई उभ्या राहिल्या. "तुला बाळंतपणातलं काय कळतं गं? तुझ्या पोराला पहिली अंघोळ मी घातली."

मी डोळे मिटले. संपलं, मला वाटलं. आता पुढची एकोणीस वर्षं.

"घातलीत," बाई म्हणाल्या. "आणि त्याच्या कानात पाणी घातलंत. महिनाभर रात्रंदिवस रडत होता."

"कानात पाणी मी घातलं? तो जन्मताच रडका होता. तुझ्यावर गेलाय."

"माझ्यावर? माझ्या घरात कुणी रडकं नव्हतं. भांबळांकडून आलंय ते."

"भांबळांना नावं ठेवू नकोस हं. तू पण भांबळच आहेस."

"म्हणूनच सांगतेय ना, अक्का, मला माहीत आहे."

आवाज असे चढले की कंपाउंडातल्या घरांची दारं उघडली. दावीदराव लुंगीवर बाहेर आले, तपकिरीची चिमूट नाकापाशी धरून उभे राहिले. मनोहर आतून धावत आला. तो गोरामोरा झाला होता.

"बाई. आई. अहो, दोघीही थांबा. आज रविवार आहे."

"ईस्टर आहे," बाई म्हणाल्या. "आज कसला नियम?"

"हे बघा, भांडायचं कारणच नाही. बाळंतपण पुण्याला होईल. दवाखान्यात. मी बदलीचा अर्ज—"

"गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

मग दोघीही थबकल्या आणि एकमेकींकडं बघू लागल्या.

"अर्जाचं मला माहीत आहे," बाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी मी दोर विसरले म्हणून विहिरीवरून परत आले होते. तू एस्तेरला काय सांगत होतास ते दारातच ऐकलं. नाहीतर हे चाळीस दिवस मी कशासाठी काढले असं वाटतं तुला? हौस म्हणून?"

 मोठ्याबाई बाईंकडं बघत राहिल्या. बाईंनी कशासाठी तोंड उघडलं होतं, हे त्यांनाही तेव्हाच कळत होतं.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या.

"बोलत कुठं होतो आपण?"

यावर पहिल्यांदा कोण हसलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी स्वतः हसत होते आणि रडतही होते. मनोहरला वाटलं मला कळा सुरू झाल्या. तो घाबरून माझ्यापाशी बसला. त्याला काय सांगणार? मी बोर्डिंगात वाढलेली. मला कुठं झोपवायचं, काय खाऊ घालायचं, वारा किती लागू द्यायचा, यावरून माझ्यासाठी कुणी भांडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि इथं दोन म्हाताऱ्या ईस्टरच्या दुपारी सगळ्या कंपाउंडासमोर घसा ताणत होत्या, की एस्तेर कुणाच्या खोलीत निजणार.

"मला कुठं जायचं नाही," मी मनोहरला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला असं काही सांगितलं असेल.

त्यानं सोमवारी डेपोत जाऊन अर्ज मागं घेतला. आमची मुलगी जुलैत झाली. मोठ्याबाईंच्या मागच्या खोलीत, पण खिडकी बंद करून. पहिली अंघोळ मोठ्याबाईंनी घातली आणि बाई बाळाच्या दोन्ही कानांवर हात धरून शेजारी बसल्या होत्या, आणि सारखं म्हणत होत्या, "अक्का, हळू. अक्का, पाणी फार कढत आहे." आणि मोठ्याबाई म्हणत होत्या, "तू आधी गप्प बस बघू."

पण बाई काही गप्प बसल्या नाहीत. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरही कधी नाही.